एक नाव, सहा थॉमसन

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. तेथे नववीच्या काही मुलामुलींनी मिळून एक मोठा तक्ता लावला होता. वर ठळक अक्षरांत 'थोर शास्त्रज्ञ थॉमसन' असे लिहिले होते. मध्यभागी जे. जे. थॉमसन यांचे चित्र आणि भोवती त्यांच्या कामगिरीची यादी. १८४५ साली हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट. १८४८ साली निरपेक्ष तापमानाची कल्पना. १८५० साली पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनचे पेटंट. १८८६ साली विजेने धातू जोडण्याच्या रीतीचे पेटंट. १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध. १९०६ साली नोबेल पारितोषिक, आणि १९३७ साली पुन्हा एकदा नोबेल पारितोषिक!

तक्ता समजावून सांगणारी मुलगी मोठी चुणचुणीत होती. मी तिला विचारले, "अगं, या तुमच्या थॉमसनांचा जन्म कधीचा?"

चित्राखाली पाहून ती म्हणाली, "१८५६, सर."

"आणि टायरचे पेटंट?"

"१८४५." एवढे बोलून ती थांबली. क्षणभराने म्हणाली, "म्हणजे जन्माच्या अकरा वर्षे आधी?"

बाजूची मुले हसू लागली. पण ती हसली नाही. तिने आपली वही उघडून माझ्यापुढे धरली. कोणती नोंद कोणत्या पुस्तकातून घेतली, हे तिने नीट लिहून ठेवले होते. "सर, सगळं खरं आहे. प्रत्येक पुस्तकात थॉमसनच लिहिलंय."

तिचे म्हणणे बरोबर होते. यादीतील एकही ओळ खोटी नव्हती. तरी तक्ता मात्र चुकला होता, कारण सहा निरनिराळ्या माणसांचे काम त्यात एकाच्या नावावर जमा झाले होते.

विद्यार्थी मित्रांनो, अशी चूक फक्त शाळेच्या तक्त्यात होते असे समजू नका. संशोधनाचे निबंध, पेटंटांची दप्तरे, व्यवसायाच्या नोंदवह्या, जेथे जेथे माणसे नावाने नोंदली जातात तेथे तेथे ती होऊ शकते. तेव्हा एका नावाच्या अनेक माणसांना वेगळे कसे ओळखायचे, हे या सहा थॉमसनांच्या मदतीने आज आपण पाहू.

हे सहा जण कोण?

प्रथम वयाने सर्वांत वडील असलेल्या दोघांकडे वळू. जेम्स थॉमसन यांचा जन्म १८२२ साली बेलफास्ट येथे झाला. ते अभियंते होते. भोवऱ्याप्रमाणे फिरणाऱ्या पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या टर्बाइनचे पेटंट त्यांनी १८५० साली घेतले. दाब वाढवला की बर्फाचा द्रवणांक खाली येतो, हे त्यांनी १८४९ साली गणिताने दाखवले. पुनर्हिमायनाचा प्रयोग तुम्ही शिकता, त्याचे मूळ येथे आहे. कोन मोजण्याच्या 'रेडियन' या एककाचे नावही त्यांनीच रूढ केले.

रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचा जन्मही १८२२ सालचाच, परंतु स्कॉटलंडमधील स्टोनहेवन या गावचा. हेही अभियंते. १८४५ च्या डिसेंबरात, वयाच्या २३ व्या वर्षी, त्यांनी हवा भरलेल्या टायरचे ब्रिटिश पेटंट मिळवले.

तिसरे विल्यम थॉमसन. जेम्स यांचे हे धाकटे बंधू, जन्म १८२४. ग्लासगो विद्यापीठात ते १८४६ पासून १८९९ पर्यंत, म्हणजे ५३ वर्षे, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. निरपेक्ष तापमानश्रेणी यांची. अटलांटिक महासागराच्या तळातून तारायंत्राची केबल टाकण्याच्या कामातही यांचा मोठा वाटा होता.

चौथे एलिहू थॉमसन. जन्म १८५३, इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी. पण लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले आणि तेथलेच झाले. त्यांच्या नावावर अमेरिकेत सुमारे ७०० पेटंटे आहेत. विजेने धातू जोडण्याची रीत ही त्यांतलीच. त्यांची कंपनी आणि एडिसन यांची कंपनी १८९२ साली एकत्र येऊन 'जनरल इलेक्ट्रिक' ही कंपनी निघाली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक गमतीचा प्रयोग दाखवतात. लोखंडी गाभ्यावर तारेचे वेटोळे असते आणि गाभ्यात अॅल्युमिनियमची कडी अडकवलेली असते. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की कडी टुणकन वर उडते. हा उडत्या कडीचा प्रयोग एलिहू थॉमसन यांचा.

पाचवे जोसेफ जॉन थॉमसन, म्हणजेच तुमचे जे. जे. थॉमसन. जन्म १८५६, मँचेस्टरजवळ. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा आणि नोबेल पारितोषिक १९०६ चे.

सहावे जॉर्ज पॅजेट थॉमसन, जे. जे. यांचे चिरंजीव. जन्म १८९२. इलेक्ट्रॉन हा तरंगाप्रमाणेही वागतो, हे त्यांनी १९२७ साली एबर्डीन येथे धातूच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन सोडून दाखवले. यासाठी १९३७ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि अमेरिकेतील डेव्हिसन यांना विभागून मिळाले. मौज अशी, की वडिलांनी इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवले, मुलाने तो तरंग आहे हे दाखवले, आणि पारितोषिक दोघांनाही मिळाले!

पिवळा रंग म्हणजे सोने नव्हे

आता समजा, तुमच्या हाती एक पिवळा, चकचकीत धातूचा तुकडा आला. तो सोन्याचा आहे असे तुम्ही लगेच म्हणाल काय? पितळही पिवळेच असते. तुम्ही तुकड्याचे वस्तुमान मोजाल, पाण्यात बुडवून आकारमान काढाल आणि घनता काढाल. ती १९.३ च्या आसपास आली तर सोन्याची शक्यता वाढली, ८.५ च्या आसपास आली तर ते पितळ असावे. एका गुणावर आपण निकाल देत नाही. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोनतीन गुण तपासतो आणि ते सगळे एकाच पदार्थाकडे बोट दाखवतात का, हे पाहतो.

नाव हा माणसाचा पिवळा रंग आहे. तो पहिला गुण, शेवटचा नव्हे.

मग दुसरा गुण कोणता घ्यावा? जन्मसाल घेतले तर? जेम्स आणि रॉबर्ट विल्यम या दोघांचे जन्मसाल एकच, १८२२. दोघेही अभियंते, दोघांचीही पेटंटे पाचसहा वर्षांच्या अंतराने घेतलेली. येथे जन्मसाल उपयोगी पडत नाही, जन्मगाव पडते.

ठीक आहे, मग जन्मगावच घेऊ. पण एलिहू आणि जे. जे. हे दोघेही मँचेस्टरचे आणि दोघेही विजेच्या क्षेत्रातले! येथे गाव निरुपयोगी ठरते. जन्मसाल आणि कामाचे ठिकाण पाहिले म्हणजे एक अमेरिकेत आणि दुसरा केंब्रिजमध्ये हे लगेच कळते.

संस्थेचे नाव घेतले तर? जेम्स आणि विल्यम हे सख्खे भाऊ, जन्म बेलफास्टचा आणि दोघेही ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक. तेथे पहिले नावच पाहावे लागते. आणि पूर्ण नाव व संस्था दोन्ही जुळली तरी भागत नाही. या दोघा भावांच्या वडिलांचे नावही जेम्स थॉमसन, आणि तेही ग्लासगो विद्यापीठातच प्राध्यापक होते! वडील १८३२ ते १८४९ गणित शिकवत, मुलगा १८७३ ते १८८९ अभियांत्रिकी शिकवत असे. तेव्हा येथे विषय आणि काळ पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. माणूस ओळखण्याची अशी एकच खूण नाही, की जी प्रत्येक वेळी पुरेल. खुणा अनेक घ्याव्या लागतात, आणि त्यांतली एक जरी ठामपणे विरुद्ध गेली तरी थांबावे लागते. अकरा वर्षांचा तो फरक ही अशीच विरुद्ध जाणारी खूण होती. बाकीच्या सगळ्या नोंदी जुळल्या असत्या तरी तेवढी एक खूण तक्ता मोडायला पुरेशी होती.

पेटंटाच्या कागदावर काय असते?

पेटंट म्हणजे नव्या शोधाबद्दल सरकारने ठरावीक मुदतीपुरता दिलेला हक्क. भारतात ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. या हक्काच्या बदल्यात शोधकाला आपली कृती जगापुढे उघड करावी लागते. म्हणूनच पेटंटाची कागदपत्रे कोणालाही पाहता येतात.

हे पाहणे किती महत्त्वाचे असते, याची गोष्ट टायरचीच आहे. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४७ साली आपली हवेची चाके घोडागाड्यांना लावून लंडनमध्ये चालवून दाखवली. पण त्या काळी सायकल आजच्या रूपात नव्हती आणि मोटार तर नव्हतीच. टायर मागे पडला. १८७३ साली थॉमसन वारले. पुढे १८८८ साली बेलफास्टमधील जॉन डनलॉप या पशुवैद्यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तसाच टायर स्वतंत्रपणे तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले. धंदा जोरात सुरू झाला. आणि १८९० साली त्यांना कळवण्यात आले, की ही कल्पना ४५ वर्षांपूर्वीच एका थॉमसन यांच्या नावे नोंदलेली आहे, तेव्हा तुमचे मूळ पेटंट टिकत नाही!

हे आधी कसे कळले नाही? कारण ब्रिटनमध्ये त्या वेळी पेटंट देताना जुन्या पेटंटांशी ताडून पाहण्याची पद्धत नव्हती. ती १९०५ पासून सुरू झाली. जुनी पेटंटे शोधणेही सुरुवातीला अवघडच होते. १६१७ ते १८५२ या काळातल्या ब्रिटिश पेटंटांना क्रमांकच नव्हते. बेनेट वुडक्रॉफ्ट या गृहस्थांनी १८५० नंतरच्या दशकात ती सर्व, म्हणजे १४,३५९ पेटंटे, ओळीने लावली, त्यांना क्रमांक दिले आणि तीन सूच्या केल्या. एक कालानुक्रमे, एक नावांच्या अक्षरक्रमाने आणि एक विषयवार. आपल्या टायरच्या पेटंटाला क्रमांक मिळाला १०,९९०.

या तीन सूच्यांमागचा विचार समजून घ्या. नावांच्या सूचीत सगळे थॉमसन एका खाली एक सापडतील, पण कोणता थॉमसन ते कळणार नाही. विषयाच्या सूचीत चाकांची पेटंटे एकत्र मिळतील, मग ती कोणाचीही असोत. दोन्ही सूच्यांत एकच क्रमांक आला, की वाट एकाच कागदावर येऊन मिळते. त्या कागदावर शोधकाचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख असते.

आजही तत्त्व हेच आहे. पेटंटाच्या पहिल्या पानावर प्रत्येक माहितीपुढे कंसात एक अंक छापलेला असतो, आणि या अंकांचा अर्थ बहुतेक सर्व देशांत सारखाच असतो. २२ म्हणजे अर्जाची तारीख, ५१ म्हणजे विषयाचे वर्गीकरण, ५४ म्हणजे शोधाचे शीर्षक, ७१ म्हणजे अर्जदार, ७२ म्हणजे शोधक. त्यामुळे जपानी किंवा रशियन पेटंट हाती आले, तरी ७२ च्या पुढे शोधकाचे नाव आहे हे लिपी न येताही कळते. आपल्याकडे पेटंट कार्यालयाची पत्रिका दर शुक्रवारी प्रसिद्ध होते, तिच्यातही हे अंक तुम्हाला दिसतील. ७१ आणि ७२ यांत मात्र गल्लत करू नका. अर्जदार पुष्कळदा कंपनी असते, शोधक नेहमी माणूस असतो.

उलटी चूक: एकाचे दोन

इतका वेळ आपण अनेकांचा एक होतो ती चूक पाहिली. आता तिची जुळी बहीण पाहू. त्याच प्रदर्शनात समोरच्या भिंतीवर दुसऱ्या गटाचा 'लॉर्ड केल्विन' यांच्यावर तक्ता होता. केल्विन म्हणजे कोण? तर आपले तिसरे, विल्यम थॉमसन! १८६६ साली ते सर विल्यम झाले आणि १८९२ साली उमराव होऊन लॉर्ड केल्विन झाले. ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीवरून हा किताब घेतला होता. म्हणून १८५२ च्या 'जूल-थॉमसन परिणामा'तले थॉमसन आणि तापमानाच्या एककातले केल्विन ही एकच व्यक्ती आहे. एका भिंतीवर सहा माणसे एक झाली होती, आणि त्यांतल्याच एकाची दोन भिंतींवर दोन माणसे झाली होती.

नावाचे स्पेलिंग बदलले तरी हेच होते. मुंबईत १८६७ साली जन्मलेले आपले संशोधक शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे पाडणाऱ्या यंत्रांची पेटंटे इंग्लंड-अमेरिकेत घेतली. परदेशी दप्तरांत त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'वाय' हे अक्षर जादा आढळते. ते न लावता शोधले, तर त्यांची कामे हाती लागत नाहीत.

देवनागरीत उलट अडचण येते. उष्णता हा गतीचा प्रकार आहे असे १७९८ साली तोफांना भोके पाडताना दाखवणारे काउंट रम्फर्ड यांचे मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. इंग्रजीत त्यांच्या नावात 'पी' हे अक्षर आहे, आपल्याकडे ते पुष्कळदा गळते आणि आणखी एक थॉमसन जन्माला येतो! तसेच डच शास्त्रज्ञ लॉरेन्ट्स आणि त्यांच्यापेक्षा २४ वर्षांनी वडील असलेले डॅनिश शास्त्रज्ञ लॉरेन्झ. पुढे पदवीच्या वर्गात तुम्ही विद्युत्-चुंबकीय सिद्धांतातली एक अट शिकाल. ती लॉरेन्झ यांनी १८६७ साली मांडली. पण नावातल्या एका अक्षराच्या सारखेपणाने अनेक पुस्तकांनी तिचे श्रेय लॉरेन्ट्स यांना दिले. ज्याचे त्याला न मिळणे, हे या चुकीचे खरे नुकसान आहे.

आपली तीन पदरी नावे

आपल्या मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन पदर असतात. ही मोठी सोयीची रचना आहे. नारळीकर कुटुंबाचे उदाहरण घ्या. व्ही. व्ही. नारळीकर म्हणजे विष्णु वासुदेव, सापेक्षतेच्या सिद्धांतावर काम करणारे गणिती. जे. व्ही. म्हणजे त्यांचे चिरंजीव जयंत विष्णु, विश्वरचनाशास्त्रज्ञ. ए. व्ही. म्हणजे दुसरे चिरंजीव अनंत विष्णु, अतिवाहकतेचे संशोधक. मधले अक्षर पाहिले की वडील कोण ते समजते. पण नुसते 'नारळीकर, सापेक्षता' एवढेच लिहिले, तर ते वडील की मुलगा हे सांगता येणार नाही. याच घरातल्या गणिती मंगला नारळीकर या १९६४ साली एम.ए. झाल्या, तेव्हा मंगला राजवाडे होत्या. १९८१ साली त्यांना पीएच.डी. मिळाली ती नारळीकर या नावाने. दोन पदव्या, दोन आडनावे, व्यक्ती एकच. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या कामाची नोंद अशी दुभंगते.

तीन पदरी नाव तरी पुरेसे असते काय? थोडे गणित करू. समजा, दर शंभर पुरुषांत एकाचे नाव अनिल आहे, शंभरात एकाच्या वडिलांचे नाव वसंत आहे आणि शंभरात एकाचे आडनाव जोशी आहे. तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असे मानले, तर पूर्ण नाव जुळणारा माणूस १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाखांत एक निघेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ५ कोटी ८२ लाख पुरुष होते. म्हणजे याच पूर्ण नावाचे सुमारे ५८ जण! प्रत्यक्षात नावे पिढीप्रमाणे आणि समाजाप्रमाणे पुंजक्यांनी येतात, त्यामुळे प्रचलित नावांच्या बाबतीत हा आकडा वाढण्याचाच संभव अधिक.

आता जन्मतारीख जोडा. पन्नास वर्षांत सुमारे १८,२५० दिवस येतात. ५८ जण त्यांत विखुरले, तर आपल्याला हव्या असलेल्या अनिलरावांचीच तारीख दुसऱ्या कोणाशी जुळण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास उरते. शाळेच्या दाखल्यापासून सर्वत्र जन्मतारीख का विचारतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

नावाऐवजी क्रमांक

तरीही दरवेळी जन्मतारीख छापणे बरे नव्हे. म्हणून व्यवसायाच्या नोंदवह्यांत प्रत्येकाला एक क्रमांक देतात. डॉक्टरांच्या औषधाच्या चिठ्ठीवर नावाखाली वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो याचसाठी. एकाच नावाचे दोन डॉक्टर असतील, एकाच नोंदवहीत एकच क्रमांक दोघांचा नसतो.

संशोधकांसाठी 'ऑर्किड' नावाची अशी जागतिक पद्धत २०१२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक सोळा अंकी असतो. पहिले पंधरा अंक ओळखीचे आणि सोळावा तपासणीचा. हा सोळावा अंक कसा काढतात, ते तुम्हाला सहज करून पाहता येईल. शून्यापासून सुरुवात करा. पहिला अंक मिळवा आणि बेरजेची दुप्पट करा. त्यात पुढचा अंक मिळवा, पुन्हा दुप्पट करा. असे पंधरा अंक संपवा. शेवटच्या संख्येला ११ ने भागा आणि बाकी १२ मधून वजा करा. आलेले उत्तर हाच सोळावा अंक. उत्तर १० आले तर 'एक्स' हे अक्षर लिहितात, ११ आले तर ० आणि १२ आले तर १.

नमुन्यादाखल नेहमी एका काल्पनिक प्राध्यापकाचा क्रमांक दाखवतात: ००००-०००२-१८२५-००९७. पहिली सात शून्ये शून्यच देतात. मग २ ची दुप्पट ४. त्यात १ मिळवून दुप्पट १०. पुढे ८ घेऊन ३६, २ घेऊन ७६, ५ घेऊन १६२, दोन शून्यांनी ३२४ आणि ६४८, आणि ९ घेऊन १३१४. १३१४ ला ११ ने भागले की बाकी ५ उरते. १२ वजा ५ बरोबर ७. शेवटचा अंक ७ च आहे!

आता लिहिताना कोणी १८ ऐवजी ८१ लिहिले असे समजा. याच रीतीने शेवटी १७६२ येतात, बाकी २ उरते आणि सोळावा अंक 'एक्स' यायला हवा. पण कागदावर ७ आहे. म्हणजे कोठेतरी चूक झाली हे यंत्राला लगेच कळते. ११ ही मूळ संख्या असल्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर ही तपासणी ते हमखास पकडते. असे का, हे शिक्षकांनी वर्गात मुलांकडून जरूर काढून घ्यावे.

मात्र क्रमांक म्हणजे जादू नव्हे. अंक बरोबर लिहिला आहे एवढेच तपासणी सांगते. तो ज्या निबंधाला जोडला, तो निबंध खरोखर त्याच माणसाचा आहे की नाही, हे ती सांगत नाही. तेथे पुन्हा ठिकाण, काळ, विषय आणि सहलेखक यांच्याकडेच यावे लागते.

कळत नसेल तर काय करावे?

पुष्कळदा असे होते, की हाती असलेल्या नोंदीत आडनाव आणि एखादे अक्षर यापलीकडे काही नसते. अशा वेळी ओढूनताणून ती कोणाच्या तरी नावावर टाकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. प्रयोगात मोजमापाला जसा आपण अनिश्चिततेचा आकडा जोडतो, तसेच येथेही 'निश्चित नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही. विशेषतः ती नोंद कोणाच्या दोषाची असेल, तर अधिकच जपावे. चुकीच्या माणसाला मिळालेले श्रेय परत घेता येते, चुकीच्या माणसाला लागलेला डाग सहज पुसत नाही. आणि जी माणसे हयात आहेत, त्यांच्या कामाची नोंद तपासावी, घरादाराच्या चौकशा करू नयेत. सार्वजनिक नोंदवही कामासाठी असते.

त्या दिवशी दुपारी मी पुन्हा त्या तक्त्यापाशी गेलो. मुलांनी यादीच्या पट्ट्या कापल्या होत्या आणि सहा नावांखाली वेगळ्या लावल्या होत्या. समोरचा केल्विनचा तक्ताही त्यांनी विनंती करून शेजारी आणला होता आणि दोन्हींमध्ये एक दोरा बांधला होता. एक पट्टी मात्र बाजूला होती. तिच्यावर लिहिले होते, 'थॉमसन यांचा उडत्या कडीचा प्रयोग', आणि पुढे मोठे प्रश्नचिन्ह.

"ही कुणाची ते वहीत नाही, सर," ती मुलगी म्हणाली. "पहिलं नाव कुठेच दिलेलं नाही. म्हणून तशीच ठेवली."

उत्तर तुम्हाला आता ठाऊक आहे. तिला त्या वेळी ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे तिने लिहून ठेवले होते. त्या तक्त्याला मी जे गुण दिले, त्यांतले बरेचसे त्या प्रश्नचिन्हाचे होते.

करून पाहा: 'ब्रॅग' या नावाखाली १९१५ सालच्या नोबेल पारितोषिकाची नोंद पाहा. ते एकाच वर्षी, एकाच कामासाठी, विल्यम या एकाच पहिल्या नावाच्या दोघांना मिळाले आहे. ते दोघे कोण, त्यांचे नाते काय आणि कोणत्या खुणांनी तुम्ही त्यांना वेगळे ओळखाल, ते वहीत लिहा. प्रत्येक खुणेपुढे ती कोठून घेतली, तेही लिहायला विसरू नका.